मागच्या खोलीचा नकाशा

५ मे, सोमवार

नकाशा काढणारा भूषण इंजिनिअर म्हणाला, "नाना, तुम्ही रोज एक नवीन सांगता आणि दुसऱ्या दिवशी म्हणता मी असं बोललोच नव्हतो. लिहून आणत जा." म्हणून भाविकानं ही वही दिली. शंभर पानी आहे. सातवी शिकलेल्या माणसाला शंभर पानं जास्तच झाली. पण मी विसरतो, आणि विसरलो की जीव घाबरतो.

तर घर वरणगावच्या प्लॉटवर बांधायचं आहे. तीस बाय साठ. केळी चांगली आली त्या वर्षी घेतला होता, बायकोच्या, सुंदरबाईच्या नावावर. सुंदरबाई जाऊन चार वर्षं झाली. उताऱ्यावर आता तीन नावं लागली आहेत. मी पितांबर, मुलगा हितेंद्र आणि मुलगी भाविका. हितेंद्र दीपनगरला वीज केंद्रात आहे, कॉलनीत राहतो. घर बांधायचं त्याच्या मनात आहे. झालं की मीही गावातल्या या दोन खोल्या सोडून तिकडं जायचं, असं तो म्हणतो.

भाविका आखाजीला, अक्षय तृतीयेला, माहेरी आली आहे, पिंपळनेरहून. अजून गेली नाही. येताना गोधडी घेऊन आली. एवढ्या उन्हात गोधडी कशाला, विचारलं तर म्हणाली, "असू द्या आबा, सवयीची आहे."

९ मे

नकाशा हातात मिळाला. काही समजलं नाही. भूषण म्हणतो घर वरून पाहिलेलं आहे. मी आजवर कोणतंच घर वरून पाहिलं नाही. प्रत्येक खोलीला टरबुजाची फोड काढल्यासारखं काहीतरी काढलेलं आहे. मला वाटलं पंखे असतील. तर ती दारं. दार ज्या बाजूला उघडतं ती फोड. मग पंखे कुठं आहेत, विचारलं. म्हणाला पंख्यांना परवानगी लागत नाही.

आणि आकडे सगळे मीटरमध्ये. नगरपरिषदेला मीटर लागतात म्हणे. मला फुटाशिवाय कळत नाही.

शिवाय समोर दहा फूट, मागं पाच, बाजूला पाच फूट जागा सोडायची. आपली जागा, आपण घेतलेली, आणि आपणच सोडायची? कोणासाठी, विचारलं. भूषण म्हणाला, "हवेसाठी नाना." गावात आमची आणि शेजाऱ्याची भिंत एकच आहे. साठ वर्षं झाली, हवा येते.

१४ मे

भूषणच्या ऑफिसला भाविकाला सोबत नेलं. तिला नकाशा लगेच समजला. बोट ठेवून सांगत होती, आबा हे स्वयंपाकघर, हा जिना, ही तुमची खोली. शिकलेली आहे, बी.ए. आहे. मला बरं वाटलं.

मग तिनं विचारलं, "मागं एक खोली निघेल का? बाहेरून वेगळं दार असलेली. छोटी चालेल. सोबत न्हाणीघर."

भूषण म्हणाला, "निघेल की ताई. भाड्यानं द्यायला?"

"नाही."

"मग पाहुण्यांसाठी?"

भूषण पेन धरून बसला. शेवटी मीच म्हणालो, "हो हो, पाहुण्यांसाठीच. आमचे जावई येत असतात." तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत नकाशाकडं बघत बसली. पाहुण्यांची खोली म्हणण्यात वाईट काय होतं?

भूषणनं अजून एक सांगितलं, ते नीट लिहून ठेवतो. अर्जावर उताऱ्यावरच्या तिघांच्या सह्या पाहिजेत. नाहीतर भाविकानं हक्कसोड करून द्यायची, मग दोघांच्या चालतात. दोन्हीपैकी काहीही चालतं म्हणाला.

आमच्याकडं बहिणी हक्क सोडतातच. माझ्याही दोघी बहिणींनी सोडला. साडी दिली, पुरणपोळीचं जेवण दिलं, झालं. त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

१८ मे, रविवार

हितेंद्र आणि सून नूतनबाई आले होते. हितेंद्रनं नकाशा पाहिला.

"ही मागची खोली कोणाची?"

"पाहुण्यांची," मी म्हणालो.

"कोणते पाहुणे आबा?" मग भाविकाकडं बघून, "हिनं सांगितली ना?"

भाविका चहा गाळत होती. म्हणाली, "मीच सांगितली. भाऊ, माझं पण नाव आहे उताऱ्यावर."

"नाव आहे म्हणून खोली काढायची का? उद्या गाव म्हणेल, पोरीला घरीच बसवली."

नूतन म्हणाली, "अहो, हळू बोला." हितेंद्र मला बाहेर ओट्यावर घेऊन गेला. म्हणाला, "आखाजी होऊन किती दिवस झाले? तिला आता जा म्हणा. प्रेमराजचा रोज फोन येतो मला."

जावई रोज फोन करतात हे ऐकून बरं वाटलं. माणूस बोलायला गोड आहे. पण मग मला का फोन करत नाहीत? मागच्या दिवाळीला मी काही चुकीचं बोललो का? सकाळपासून आठवतो आहे. त्यांना दिलेल्या ड्रेसच्या मापावरून थोडं झालं होतं. तेवढ्यावरून कोणी धरून ठेवतं का?

भाविकानं फोनमधलं कार्ड बदललं आहे. कंपनीची ऑफर होती म्हणते.

२२ मे

आज जे झालं ते कोणाला सांगू नये असं वाटतं, पण लिहितो.

कागदावरचं घर मला दिसत नाही, म्हणून ठरवलं की प्लॉटवर आखून बघू. केळी लावायची दोरी घेतली, जिला लाल चिंधीच्या गाठी आहेत. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत पाच फूट. चाळीस वर्षं या दोरीनं बागा लावल्या, टेपपेक्षा तिच्यावर माझा भरवसा. आखायला फक्कीची, पांढऱ्या भुकटीची पिशवी घेतली. सकाळी सहालाच गेलो, मी आणि भाविका. तिनं दोरीचं दुसरं टोक धरलं. उजव्या हातानं. डावा हात वर होत नाही म्हणते, गोधडी धुताना खांदा भरला.

हद्दीच्या दगडापासून दगडापर्यंत रुंदी धरली. सहा गाठींचं अंतर भरायला पाहिजे. पाचच भरलं. परत धरली. पाच. मग लांबी धरली. बारा पाहिजे, दहा भरलं.

म्हणजे पंचवीस बाय पन्नास! पाच फूट रुंदीत गेले, दहा फूट लांबीत गेले.

बाजूच्या प्लॉटवर पुनाभाऊनं मागच्या साली कंपाउंड घातलं. तो तेवढ्यात तांब्या घेऊन आला, "नाना, पाणी घ्या, चहा टाकू का?" मी पाणीसुद्धा घेतलं नाही. ज्यानं जागा खाल्ली तो चहा विचारतो.

भाविकाला काही बोललो नाही. म्हटलं आखून तर बघू. तिनं नकाशातले मीटर फुटांत करून सांगितले, मी गाठी मोजत फक्की मारत गेलो. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, माझी खोली, हितेंद्रच्या दोन. मागची खोली आखायला गेलो तर मागचा दगड आला. खोलीचा अर्धा भाग दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये.

भाविका त्या अर्ध्या खोलीत उभी होती. म्हणाली, "बसत नाही का आबा?"

मी म्हणालो, "बसत नाही."

"बरं," म्हणाली. दोरी गुंडाळायला लागली.

२३ मे

भूषणला बोलता बोलता विचारलं, प्लॉट तू मोजला होता का? म्हणाला, "मोजला ना. तीस बाय साठ बरोब्बर." खोटं बोलतो की काय? जुन्या लेआउटवरून आकडे उतरवले असतील. पण जागा कमी आहे असं सांगितलं तर फाईल थांबेल, सरकारी मोजणी मागवावी लागेल, पुनाशी भांडण होईल, हितेंद्र माझ्यावर ओरडेल की इतकी वर्षं लक्ष का ठेवलं नाही. मला एवढं झेपणार नाही.

म्हणून एवढंच म्हणालो, मागची खोली काढून टाक.

"नक्की का नाना? ताईंना विचारलं?"

"तिला सांगितलं आहे," मी म्हणालो. ते खरं आहे.

२४ मे

डोकं दुखतं. लिहायला काही नाही.

२९ मे

हितेंद्र हक्कसोडीचा कच्चा कागद घेऊन आला. वकिलानं लिहून दिला आहे. त्यात लिहिलं आहे की भाविका स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाखाली न येता हक्क सोडते. हितेंद्रला खोली काढून टाकल्याचं कळलं तेव्हा तो पहिल्यांदा नीट हसला. मला म्हणाला, "आबा, तुम्ही बरोबर केलं. नाहीतर ती गेलीच नसती."

कुठं गेली नसती? मी विचारलं नाही. त्याला घाई होती.

भाविकानं कागद पूर्ण वाचला, दोनदा. म्हणाली, "कधी जायचं सही करायला?"

"दहा तारखेला. भुसावळला."

"मग मी तिकडूनच जाते. बॅग घेऊन येते. धुळ्याची गाडी मिळेल, पुढं पिंपळनेर."

हितेंद्र म्हणाला, "शहाणी आहेस. मी प्रेमराजला कळवतो."

"नको कळवू," ती म्हणाली. मग म्हणाली, "कळव. काय फरक पडतो."

सगळं शांतपणे झालं. मग मला अस्वस्थ का वाटतं? मुलगी आपल्या घरी जाते, घराची परवानगी मिळते, साडी घ्यायची आहे. साडी कोणत्या रंगाची घ्यावी हेही सुचत नाही. सुंदरबाई असती तर तिनं रंग सांगितला असता. आणि बाकीचंही सांगितलं असतं.

४ जून

भाविका जेवत नाही. चूल-भांडी सगळं करते, मला वाढते आणि स्वतः म्हणते नंतर जेवीन. मी म्हणालो, "सासरी गेल्यावर म्हणतील, बापानं उपाशी ठेवली." गंमत केली होती. ती उठून परसात गेली.

८ जून, रविवार

आजचं सगळं नीट लिहितो.

सकाळी तोताराम आला. आम्ही बरोबरीचे, बांधाला बांध. म्हणाला, "केळीची मृगबाग लावतो या आठवड्यात. माझी दोरी उंदरानं खाल्ली. तुझी ओळीची दोरी दे."

खुंटीला टांगलेली दोरी काढून दिली. त्यानं दोन गाठी छातीशी धरून ताणल्या आणि परत दिली.

"अरे हे तर झाडाची हाये, पाचाची. मले ओळीची पाहिजे, सहाची."

दुसरी दोरी फक्कीच्या पिशवीत होती, प्लॉटवरून आणली तेव्हापासून. ती काढून दिली. त्यानं तीही ताणली.

"हे सहाची. म्हातारा झाला ब्वा पितांबर तू. केळी लावता लावता केस पिकले अन् तुले अजून ओळीची दोरी अन् झाडाची दोरी ओळखू येत नही."

हसत गेला. मी ओट्यावरच बसलो.

दोन ओळींतलं अंतर सहा फूट आणि दोन झाडांतलं पाच फूट. दोन दोऱ्या. दोघींना लाल चिंध्या. एकाच खुंटीला. सुंदरबाई सहाच्या दोरीला टोकाला हिरवी चिंधी बांधायची, तेव्हा ओळखू यायची. ती चिंधी कधी पडली कोणास ठाऊक.

पाच गाठी सहा-सहाच्या. तीस. दहा गाठी सहा-सहाच्या. साठ.

मी उन्हातच वरणगावला गेलो. टेप कोणाकडं मागावा? पुनाभाऊकडंच मागितला. त्याला दोन आठवडे राम राम केला नव्हता. त्यानं काही न विचारता टेप आणला, टोक धरलं. तीस फूट. साठ फूट. दोन बोटं जास्तच. मी म्हणालो, "पुनाभाऊ, मी तुमच्याबद्दल मनात वाईट आणलं." तो म्हणाला, "कसलं वाईट? आधी सावलीला बसा नाना, तोंड लाल झालं." चहा दिला. प्यालो.

म्हणजे खोली बसत होती. बसत होती! मीच सांगितलं बसत नाही.

९ जून

भाविकाला सांगायचं ठरवलं. फक्त एवढंच सांगायचं आहे की खोली बसते. सकाळी ती कपडे घडी करत होती तेव्हा गेलो. दुपारी ती बॅगेची चेन लावत होती तेव्हा गेलो. दोन्ही वेळेस भलतंच बोलून आलो. एकदा पाणी मागितलं. एकदा विचारलं पिंपळनेरला पाऊस कसा आहे.

एवढ्याला काय अवघड आहे? पाहुण्यांची खोली तर आहे. पण पाहुण्यांच्या खोलीसाठी कोणी जेवण सोडत नाही, हे मला आत्ता लिहिताना दिसतं आहे.

१० जून

भुसावळला गेलो. हितेंद्रनं गाडी केली होती. भाविका बॅग मांडीवर घेऊन बसली. ऑफिसात गर्दी होती, दोन तास बाकावर. मग नंबर आला. कॉम्प्युटरवरच्या बाईंनी भाविकाचा फोटो काढला, अंगठा घेतला. विचारलं, "ताई, राजीखुशीनं सोडता ना?"

"हो."

"आता बाबा, तुम्ही या. इथं बघा, कॅमेऱ्यात."

मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "बाई, माझी दोरी चुकली."

"काय चुकली?"

"दोरी. ओळीची घेतली, झाडाची घ्यायची होती. सहाची पाचाची समजून मोजली. म्हणून मागची खोली बसली नाही. ती बसते."

मागं रांगेतलं कोणीतरी हसलं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, इथं दोरीचं काही नसतं. इथं सही करायची."

"ती करत नाही," मी म्हणालो.

हितेंद्रनं माझा दंड धरला. "आबा, काय बोलता? उठा, सही करा, माणसं थांबली आहेत."

"हिला जागा नाही असं मी सांगितलं म्हणून ही सोडते आहे. जागा आहे. मी काल मोजली. परवा मोजली." काल की परवा ते मला आठवेना, त्यावरूनच मी अडखळलो. "तीस बाय साठ आहे. दोन बोटं जास्त."

"जागेचा प्रश्नच नाही आबा!"

"मग कशाचा आहे?"

बाईंनी कागद बाजूला सारला आणि पुढच्याला बोलावलं. मी भाविकाकडं बघायला घाबरलो होतो. बघितलं तर ती बाकावर बसली होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून. खांदे हलत होते. हसते की रडते, मला कळलं नाही.

हितेंद्र गाडी घेऊन निघून गेला. आम्ही दोघं स्टँडवर आलो. धुळ्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. भाविका तिच्याकडं बघत उभी राहिली. मी बॅग उचलली. जड होती. उचलून आमच्या गावाकडच्या, वरणगावच्या गाडीत नेऊन ठेवली आणि मग मागं वळून बघितलं. ती येत होती.

१२ जून

भूषणकडं गेलो. म्हणालो, मागची खोली परत काढ. तो हसला. "नाना, मी खोडलीच नव्हती. मला वाटलंच होतं." मग गंभीर झाला. "पण आता अर्जावर तिघांच्या सह्या पाहिजेत. हितेंद्रभाऊंची पण."

हितेंद्र फोन उचलत नाही. नूतनबाईंनी उचलला. हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, थोडे दिवस जाऊ द्या. मी बोलते आहे त्यांच्याशी. ताईंना सांगा, मी विचारत होते." कदाचित सही मिळेल, कदाचित नाही. घर होईल की नाही हेही सांगता येत नाही. माझ्या एका वाक्यानं सगळ्यांचं अडलं. काल रागात वाटलं, करून टाकायची होती सही. मग जेवताना समोर बघितलं. भाविकानं दोन भाकरी खाल्ल्या.

१५ जून, रविवार

आज दुपारी मी तिला विचारलं. दीड महिना झाला तिला येऊन. दीड महिन्यात मी पंखे कुठं आहेत हे विचारलं, मीटर म्हणजे किती फूट हे विचारलं, हवेला किती जागा लागते तेसुद्धा विचारलं.

म्हणालो, "भाविका, तिकडं काय झालं?"

ती म्हणाली, "आता विचारता आबा?"

"आता विचारतो."

मग ती बोलायला लागली. मधे कोणी आलं तर दार लोटून घेतलं. ऊन उतरलं तरी बोलत होती. मी एकदाही मधे बोललो नाही. तिनं काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही. वही कोणाच्याही हातात पडू शकते, आणि ते तिचं आहे, माझं नाही.

उद्या भूषणला सांगायचं ते तेवढं लिहून ठेवतो. मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी. लोखंडी, जाड. एक वर आणि एक खाली.